विमानातला पहारा : १४ तासांच्या प्रवासाच्या भीतीचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण ५२ वर्षांच्या एका गृहस्थांचे आहे. ते व्यवसायाने बांधकाम अभियंता आहेत. तुळया, खांब, त्यांवर येणारे भार आणि त्या भारांपेक्षा किती अधिक बळकटी ठेवायची याचा हिशेब हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय. त्यांची मुलगी दुसऱ्या खंडात राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी उभयतांनी जायचे ठरले, तेव्हा हा प्रवास मध्ये कुठेही न थांबता सुमारे १४ तासांचा, तोही रात्रीचा आणि बराचसा समुद्रावरून होणार हे लक्षात आले, आणि तिकिटे काढण्यापूर्वीच ते समुपदेशनासाठी आले. त्यांच्या संमतीने हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विमानाच्या भीतीवर जो सल्ला सर्रास दिला जातो, तो दोन गोष्टींभोवती फिरतो : विमान किती सुरक्षित असते याची माहिती आणि प्रवासात मन रमवण्याच्या युक्त्या. या गृहस्थांपाशी माहिती गरजेपेक्षा जास्तच होती आणि मन रमवण्याच्या युक्त्या त्यांना दीड तासाच्या प्रवासातही पुरत नव्हत्या. विमानात पाऊल ठेवताच ते एक काम स्वतःहून अंगावर घेत, आणि त्यांचा खरा त्रास त्या कामाचा होता. आवाज ऐकत राहायचे, हेलकावे मोजायचे, कर्मचाऱ्यांचे चेहरे वाचायचे, झोपायचे नाही. हा पहारा दीड तास कसाबसा देता येतो. १४ तास देता येत नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासाची भीती ही छोट्या प्रवासाच्या भीतीचीच मोठी आवृत्ती असते असे मानले जाते, ते मला पूर्णपणे पटत नाही. त्या कालावधीत पहारा देणारा माणूसच आधी कोसळतो, आणि या गृहस्थांना नेमकी त्याचीच धास्ती होती.

पूर्वेतिहास

भीतीची सुरुवात विमान उतरत असताना झाली. धावपट्टी खिडकीतून दिसू लागली होती, तोच इंजिनांचा जोर एकदम वाढला, विमानाने नाक वर केले आणि ते पुन्हा चढू लागले. धावपट्टी अजून मोकळी झाली नव्हती, असे वैमानिकाने बऱ्याच वेळाने सांगितले. उतरणे सोडून देऊन पुन्हा वर जाणे ही वैमानिकांच्या नेहमीच्या सरावातली कृती आहे आणि जरा जरी शंका आली तरी ती करावी असेच त्यांना शिकवलेले असते. परंतु घोषणा होईपर्यंतच्या अवधीत या गृहस्थांनी मनातल्या मनात सगळा शेवट पाहून घेतला होता. पुढे काही वर्षे ते कामानिमित्त छोटे विमानप्रवास करत राहिले, मात्र प्रत्येक वेळी तयारी वाढत गेली. चार दिवस आधीपासून हवामानाचे अंदाज बघायचे. त्याच मार्गावरचे विमान त्या आठवड्यात रोज वेळेवर पोहोचते का, हे फोनवर तपासायचे. मधल्या वाटेकडचीच सीट घ्यायची. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवायचे आणि हाताने सीटचा दांडा धरून ठेवायचा. पत्नी सोबत असली की दर थोड्या वेळाने विचारायचे, “अगं, इंजिनाचा आवाज बदलला का?” आणि तिने म्हणायचे, “अहो, काही बदललेला नाही. डोळे मिटा बघू.” हा संवाद इतका सरावाचा झाला होता की पत्नी तो अर्धवट झोपेतही पार पाडत असे.

नंतर त्यांनी विमानप्रवास बंदच केला. दिवसभराची रेल्वे, रात्रीची बस, काहीच जमले नाही तर काम दुसऱ्यावर सोपवणे, असे चालले होते. मुलीच्या बातमीने ती वाट बंद झाली.

सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असलेली आणि माणसाचे व्यवहार अडवणारी एखाद्या विशिष्ट परिस्थितीची भीती, ही भीतिगंडाची सर्वमान्य व्याख्या त्यांना तंतोतंत लागू होत होती. त्यांच्या डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घेतले होते. काही दोष नव्हता. तपासणीचा हा टप्पा कोणी गाळू नये, कारण धडधड आणि श्वास अपुरा वाटणे या तक्रारींना शारीरिक कारणेही असतात.

नेमकी भीती कशाची

विमानाची भीती असे आपण एका दमात म्हणतो, पण तिच्या पोटात निरनिराळ्या भीती असतात. कोणाला अपघाताची, कोणाला उंचीची, कोणाला बंदिस्त जागेची, तर कोणाला स्वतःच्या शरीरात उठणाऱ्या वादळाची. कोणती भीती मुख्य आहे हे ठरवल्याशिवाय उपचार सुरू केले, तर ते भलत्याच दारावर जाऊन थांबतात. या गृहस्थांनी पहिल्या भेटीत केवळ अपघाताबद्दलच सांगितले. तेव्हा मी त्यांना एक प्रश्न विचारला : विमान अगदी व्यवस्थित चालले आहे, सहावा तास आहे, दिवे मालवलेले आहेत, सगळे झोपले आहेत, अशा वेळी सर्वांत वाईट काय घडेल? ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मी उठेन, ओरडेन आणि दरवाजा उघडायला धावेन.”

या उत्तराने प्रकरणाची दिशा बदलली. त्यांचा विमानावर अविश्वास होता, पण त्याहून मोठा अविश्वास स्वतःवर होता. आठ तास उरलेले असताना स्वतःचा ताबा सुटेल आणि बाहेर पडायला जागा नसेल, हे त्यांचे खरे दुःस्वप्न होते. दरवाजाच्या बाबतीत मी त्यांना काही समजावण्याऐवजी गणितच करायला सांगितले. ३५,००० फुटांवर केबिनमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात सुमारे ५५ किलोपास्कलचा, म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण साडेपाच टन भाराइतका, फरक असतो आणि प्रवासी विमानाच्या दरवाजाचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास असते. त्यांनी समोरच्या कागदावर गुणाकार केला. दरवाजाला आतून चौकटीवर दाबून धरणारे बल अकरा टनांच्या घरात निघाले. कागद खाली ठेवून ते पहिल्यांदाच हसले.

राहिला प्रश्न ओरडण्याचा. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये भीतीच्या झटक्याची जी उकल मांडली, ती इथे उपयोगी पडली. शरीरात काही तरी किरकोळ बदल होतो. माणूस त्याचा अर्थ ‘आता काही तरी भयंकर होणार’ असा लावतो. त्या अर्थामुळे ॲड्रिनलिन वाढते, बदल आणखी तीव्र होतो आणि लावलेला अर्थ खरा वाटू लागतो. भीतीपोटी श्वास भराभर घेतला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि हवा पुरत नाही असे वाटते. गंमत अशी की हवा पुरत नाही असे वाटते ते ती जास्त घेतली जात असल्यामुळे. झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढे ओसरतो, कारण शरीर त्या पातळीवर फार काळ राहू शकत नाही. चक्कर येऊन पडण्याचे भय पुष्कळांना असते. मात्र भीतीच्या झटक्यात रक्तदाब बहुधा वाढलेला असल्याने शुद्ध हरपणे विरळाच.

लांबच्या प्रवासात शरीरात असे किरकोळ बदल होण्याची सोय विमानातच असते, ही बाब क्वचितच कोणी सांगते. उड्डाणात केबिनमधला दाब समुद्रसपाटीसारखा नसून ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या ठिकाणी असतो तितका ठेवलेला असतो. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन थोडा कमी होतो आणि नाडी किंचित वाढते. निरोगी माणसाला याचा धोका नसतो. पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगू शकतो आणि छातीखाली दाटल्यासारखे वाटते. हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, घसा कोरडा पडतो आणि गिळताना अडल्यासारखे होते. या गृहस्थांनी आजवर घशाची कोरड आणि छातीचे दाटणे यांचा हिशेब भीतीच्या किंवा हृदयाच्या खात्यात मांडला होता. चौथ्या-पाचव्या तासाला हे सगळे होणारच आहे आणि शेजारी घोरणाऱ्या प्रवाशालाही होते आहे, हे आधीच ठाऊक असल्याचा त्यांना प्रत्यक्ष प्रवासात मोठा उपयोग झाला.

माहिती किती आणि कितीदा

२०१८ ते २०२२ या काळात जगात दर १.३७ कोटी प्रवाशांमागे एका प्रवाशाच्या मृत्यूचा धोका होता, हा अमेरिकेतील एमआयटीच्या अभ्यासकांचा २०२४ मधला निष्कर्ष त्यांना तोंडपाठ होता. उपयोग शून्य. आकडा वाचला की अर्धा तास बरे वाटायचे, मग ‘तो एक मीच असलो तर’ हा विचार यायचा आणि पुन्हा आकडा शोधला जायचा. म्हणून आम्ही एक दंडक ठरवला : प्रत्येक शंकेचे उत्तर एकदाच, पूर्णपणे आणि समजून घ्यायचे, तीच शंका पुन्हा आली तर उत्तर शोधायचे नाही, शंका तशीच राहू द्यायची. पहिल्या वेळी माहिती ही माहिती असते, दहाव्या वेळी ती दिलासा मागण्याची सवय झालेली असते. अशी सवय भीतीला पोसते असे माझे स्पष्ट मत आहे.

शंकांमध्ये सर्वांत ठाण मांडून बसली होती ती हेलकाव्यांची. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानाला म्यानमारवर तीव्र टर्ब्युलन्सचा तडाखा बसला. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेकजण जखमी झाले. विमान ६,००० फूट कोसळले, अशा बातम्या तेव्हा सर्वत्र आल्या आणि या गृहस्थांच्या मनात तो आकडा रुतून बसला. तपासाच्या प्राथमिक अहवालात वेगळेच निघाले. धक्क्यात विमानाची उंची १७८ फुटांनी, म्हणजे साधारण ५४ मीटरनी कमी झाली होती. पुढे काही मिनिटांनी वैमानिकांनी विमान नियंत्रितपणे खाली आणले आणि बातम्यांमधला मोठा आकडा त्या उतरण्याचा होता. इजा झाल्या त्या गुरुत्वाकर्षणाची दिशा क्षणार्धात उलटल्यासारखी होऊन सीटबेल्ट न लावलेली माणसे उचलली जाऊन पडल्यामुळे. हवेत पोकळी असते आणि विमान तिच्यात पडते ही समजूत चुकीची असली, तरी हेलकाव्यांत काहीच होऊ शकत नाही हेही खरे नाही, आणि मी त्यांना तसे सांगितलेही नाही. बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना बांधलेला ठेवायचा, एवढी एकच खबरदारी प्रवाशाच्या हातात आहे. ती घेतली की प्रवाशाचे काम संपले.

पंखांबद्दल त्यांच्यातल्या अभियंत्याला एकाच दाखल्याची गरज होती. विमानाला आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार सोसावा लागेल असे गृहीत धरतात, त्याच्या दीडपट भार पंखांनी पेलून दाखवावा असा नियम आहे. १९९५ मध्ये बोइंग ७७७ चे पंख चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवले गेले. त्यांची टोके सात मीटरहून अधिक वर गेली आणि त्या गृहीत भाराच्या १५४ टक्क्यांवर पंख मोडले. खिडकीतून पंख हलताना दिसतो तो त्याने हलावे म्हणूनच, हे त्यांना एका वाक्यात पटले. समुद्रावर इंजिन बंद पडले तर काय, या शंकेचे उत्तरही असेच एकदा दिले गेले : दोन इंजिनांच्या विमानांना १९८५ पासून एका इंजिनावर १२० मिनिटांच्या आणि पुढे १८० मिनिटांच्या अंतरात विमानतळ असलेल्या मार्गांवर परवानगी मिळत गेली आणि समुद्रावरचे मार्ग त्या हिशेबाने आखले जातात.

पहारा उठवणे

यानंतरचा भाग कष्टाचा होता. पॉल सॉल्कोव्हस्कीस या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की भित्र्या माणसाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या बारीकसारीक कृतीच त्याची भीती टिकवून धरतात, कारण संकट आले नाही याचे श्रेय त्या कृतींना मिळते. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत प्रत्येक विमान सुखरूप उतरले होते. पण त्यांच्या मनाने त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की आपण जागे होतो म्हणून ते उतरले. बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष सहज पटतो : स्लॅब ओतताना तो उभा राहिला नाही, तर कामात खरोखरच कसूर होऊ शकते. विमानात मात्र देखरेख करणारे वेगळे लोक असतात आणि सव्विसाव्या रांगेतल्या प्रवाशाच्या देखरेखीची त्यांना कल्पनाही नसते.

म्हणून पहाऱ्यातली एकेक कृती सोडण्याचा सराव झाला. विमानांचा माग दाखवणारे ॲप त्यांनी फोनवरून काढून टाकले. ते काढताना त्यांना घाम फुटला होता. पत्नीला एक अवघड काम दिले : आवाजाबद्दल विचारले तर उत्तर द्यायचे नाही, फक्त “तुम्हांला काय वाटतं?” एवढेच म्हणायचे. माझ्यासमोर बसून त्यांनी मुद्दाम मिनिटभर भराभर श्वास घेतला, खुर्चीत गरगर फिरून घेतले, स्ट्रॉमधून श्वास घेऊन घुसमट अनुभवली. मुंग्या, गरगर आणि घुसमट जमिनीवर, दिवसाढवळ्या, स्वतःच्या हाताने आणता येतात आणि आपोआप जातात, हे एकदा अंगाला कळले की त्यांचा दरारा कमी होतो. उड्डाणाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण त्यांनी कंटाळा येईपर्यंत ऐकले. चाके आत घेतल्याचा धप्पकन आवाज, जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा जोर कमी केला जातो तेव्हा पोटात येणारा खड्डा, पंखांच्या पट्ट्या आत जातानाची घरघर. जोर कमी होतो त्या क्षणी विमान चढतच असते. पण वेग वाढण्याचा दर घटला की अंतर्कर्णाला ते खाली जात असल्यासारखे भासते. मग छोट्या पल्ल्याचा एक विमानप्रवास त्यांनी एकट्याने केला, पाय सैल सोडून आणि हात मांडीवर ठेवून. तो वाईट झाला, असे त्यांनी परत आल्यावर सांगितले. आणि विमान तरीही उतरले, असेही.

सोबत नेण्यासाठी एक कागद तयार केला. डावीकडे भाकीत, उजवीकडे प्रत्यक्ष. भीती वाटली की तिला शांत करण्याच्या फंदात न पडता, ‘पुढच्या दहा मिनिटांत काय होणार’ हे वेळेसह लिहायचे आणि दहा मिनिटांनी समोर काय झाले ते लिहायचे. दीर्घ श्वासाचे व्यायाम मी त्यांना फारसे दिले नाहीत. ते वाईट आहेत म्हणून नाही. या माणसाने त्यांचाही पहारा केला असता म्हणून.

गोळीचा प्रश्न

त्यांच्याकडे डॉक्टरांनी पूर्वी दिलेल्या अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या औषधाच्या गोळ्या होत्या आणि त्या घेऊन १४ तास झोपून जावे, असा त्यांचा मूळ बेत होता. विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. विमानाची भीती असलेल्या २८ स्त्रियांपैकी काहींना पहिल्या उड्डाणापूर्वी अल्प्राझोलाम आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. औषध घेतलेल्यांना पहिल्या प्रवासात भीती कमी वाटली, मात्र त्यांची नाडी उलट जास्त वेगाने चालत होती. आठवड्याने गोळीविना झालेल्या दुसऱ्या प्रवासात त्याच गटात भीतीचे झटके ७ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले. गोळीच्या छायेत मेंदूला काही शिकायला मिळालेले नसते, असाच याचा अर्थ लावावा लागतो. लांबच्या प्रवासात आणखी दोन गोष्टी येतात : गुंगीत तासन्‌तास हालचाल न केल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि अशा गोळीबरोबर मद्य घेणे श्वसनासाठी घातक ठरू शकते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी गोळी न घेण्याचे ठरवले. हा निर्णय सर्वांना लागू करू नये. परवा निघायचेच आहे, सरावाला वेळ नाही, अशा माणसाला डॉक्टरांनी विचारपूर्वक औषध दिले तर त्यात गैर काही नाही. फक्त त्या औषधाचा पहिला अनुभव विमानातच येऊ नये, आणि मनाने डोस वाढवू नये.

प्रवास

मध्ये दोन ठिकाणी थांबत जावे, असा नातेवाइकांचा आग्रह होता. त्यात तीन उड्डाणे आणि तीन वेळा उतरणे येत होते, शिवाय प्रत्येक थांब्यावर पुढच्या विमानात न चढण्याची मुभा. ही मुभाच घातक, असे माझे म्हणणे होते आणि त्यांनी थेट विमानाचे तिकीट काढले. विमानात शिरताना त्यांनी दारातल्या कर्मचारी महिलेला आपल्याला भीती वाटते एवढे सांगितले. लपवण्यात जाणारी शक्ती तिथेच वाचली. पंखाजवळची सीट घेतली होती. तिथे हेलकावे शेपटीकडच्या मानाने कमी जाणवतात.

पहिले काही तास बरे गेले. जेवण झाले, दिवे मंदावले. कागदावरच्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. “१.४० : पट्ट्याची खूण लागली. गचके. समुद्र. दहा मिनिटांत ओरडणार, खात्री ९० टक्के.” “१.५२ : ओरडलो नाही. घाम, घसा कोरडा. खात्री ४० टक्के.” “२.०५ : विमान हलतेच आहे. माझे ओसरले.” या तिसऱ्या नोंदीखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आहेत आणि ते योग्यच आहे. गचके थांबल्यावर भीती थांबली असती तर ते काहीच शिकले नसते. इथे गचके चालू असताना भीती उतरली. मधल्या वेळात त्यांचा हात पत्नीच्या दंडाकडे गेला होता आणि तिने न विचारताच झोपेत “तुम्हांला काय वाटतं?” म्हटले, तेव्हा भर भीतीत त्यांना हसू आले, असे त्यांनी सांगितले.

पुढे आणखी एक लाट आली, ती बरीच लहान होती. त्यानंतर त्यांनी ठरवल्याप्रमाणे डोळ्यांवर पट्टी ओढली आणि ते झोपले. जागे झाले तेव्हा समोरच्या नकाशावर विमान हजारो किलोमीटर पुढे सरकले होते. पहारेकऱ्याच्या गैरहजेरीत. उतरताना मात्र त्रास झाला. धावपट्टी दिसू लागल्यापासून चाके टेकेपर्यंत आता पुन्हा वर जाणार, हा एकच विचार डोक्यात होता आणि पाय जमिनीवर रोवलेलेच राहिले.

परतीचा प्रवास आणि त्यानंतर

परतीच्या प्रवासाला ते बऱ्यापैकी निर्धास्त निघाले आणि अडखळले ते अनपेक्षित जागी. दरवाजे बंद झाल्यावर विमान काही कारणाने बराच वेळ जमिनीवरच उभे राहिले. हेलकावे नाहीत, उंची नाही, अपघाताचा प्रश्न नाही. तरीही इथे त्यांना जाताना समुद्रावर आला होता त्याहून मोठा झटका आला. उतरवा म्हणून सांगावे असे त्यांना अनेकदा वाटले. सांगितले नाही, कागदावर एकच ओळ लिहिली : “दार बंद, उत्तर नाही.” बंदिस्त जागेच्या भीतीकडे या उपचारात कमी लक्ष दिले गेले होते, कारण दरवाजाच्या गणिताने तो विषय मिटला असे आम्हा दोघांनाही वाटले होते. बंद दार सुरक्षित असते हे गणिताने सिद्ध होते; बंद दारामागे बसून राहता येते हे बसूनच कळते. विमान हवेत गेल्यावर त्यांना बरे वाटू लागले, हे या प्रकरणातले मला सर्वांत बोलके वाटलेले वाक्य आहे.

परत आल्यावर त्या एका गोष्टीवर वेगळा सराव झाला : लिफ्टएवढ्या बंद खोलीत कामाशिवाय बसणे, खिडकीशेजारच्या सीटवर बसून लांबचा बसप्रवास, आणि गर्दीच्या सभागृहात ओळीच्या मध्यभागी बसणे. त्यानंतर कामासाठी त्यांनी पुन्हा विमानप्रवास सुरू केले आहेत. हवामानाचा अंदाज ते अजूनही पाहतात, पण निघायच्या दिवशी आणि छत्री घ्यायची की नाही एवढ्यापुरता. पत्नीला आता कोणी उठवत नाही, अशी तिची स्वतःची ग्वाही आहे.

सीट मात्र ते मधल्या वाटेकडचीच घेतात. गुडघे आखडतात, असे कारण ते देतात. एकदा तरी खिडकीकडची घ्या, असे मी सुचवले आहे. पुढचे तिकीट त्यांनी अजून काढलेले नाही.